ऑटो हेडलाइट आणि घाटातलं धुकं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पावसाळ्यात कोकणात गाडी चालवताना हेडलाइट ऑटोवर (उजेड कमी झाला की सेन्सर आपोआप दिवे लावतो, त्या सोयीवर) सोडू नका, दिवे स्वतःच्या हातानं लावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि बरंच चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं : ऑटो हेडलाइटमुळे विसरभोळ्या चालकांचे जीव वाचतात, युरोपात ती सोय सक्तीची आहे, आपल्याकडे सरकारनं दुचाकींनाही ती लावायला लावली, आणि असल्या लेखांमुळे लोक चांगल्या तंत्रज्ञानाला उगाच घाबरतात. शिवाय समोरून डोळ्यांवर येणारा अपर लाइट, म्हणजे हाय बीम, हा ऑटोमॅटिक हाय बीमनंच (समोर गाडी दिसली की झोत आपोआप खाली करणाऱ्या सोयीनंच) बंद होईल. तुम्ही दर गणपतीला मलकापूरहून आंबा घाटानं रत्नागिरीत उतरता असंही लिहिलंयत, म्हणून त्याच रस्त्याला धरून उत्तर देतो.

आधी युरोप. तिथं सक्ती आहे, ते खरंच. पण तो नियम काय मोजायला सांगतो ते बघा. वाहनांच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली गेला की दोन सेकंदांच्या आत हेडलाइट लागले पाहिजेत, आणि ७,००० लक्सच्या वर गेला की थोड्या वेळानं विझले पाहिजेत, असं तो सांगतो. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनी ठरवते. म्हणजे मोजायचा आहे तो नुसता उजेड. समोरचं किती लांबपर्यंत दिसतंय, हे त्या मोजणीत कुठंच येत नाही. डॅशबोर्डवर किंवा आरशामागे काचेला चिकटवलेला तो छोटासा सेन्सर प्रकाश ओळखतो, बाकी काही नाही.

आता श्रावणातली सकाळी दहाची वेळ धरा. आंबा गाव मागे पडलं, उतार लागला आणि दरीतून धुकं वर आलं. ते पांढरंशुभ्र असतं, काळोखं नसतं. धुक्यातले थेंब उजेड गिळत नाहीत, चारी दिशांना पसरवतात. त्यामुळे सेन्सरला भरपूर प्रकाश मिळतो, तो दिवस आहे असंच धरून चालतो आणि हेडलाइट बंद राहतात. इकडे पन्नास मीटरवरचं वळण दिसत नाही. दोन गाड्या ताशी ४० किलोमीटरनं समोरासमोर येत असतील, तर तेवढं अंतर सव्वादोन सेकंदांत संपतं. त्यातला साधारण दीड सेकंद तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच जातो. करड्या किंवा पांढऱ्या रंगाची गाडी दिव्यांशिवाय अशा वेळी दिसतच नाही.

‘पण माझ्या गाडीला डीआरएल आहेत’ असं तुम्ही लिहिलंयत. डीआरएल म्हणजे गाडी चालू असताना दिवसाही आपोआप लागणारे छोटे दिवे. आहेत, पण ते पुढे. बऱ्याच गाड्यांत डीआरएल लागले तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत. समोरच्याला तुम्ही थोडेफार दिसता, मागून येणाऱ्या एसटीला किंवा डंपरला अजिबात दिसत नाही. आणि घाटात उतारावर मागून येणारं अवजड वाहन हाच मोठा धोका असतो. मागचा फॉग लॅम्पही (धुक्यासाठीचा दिवा) बहुतेक गाड्यांत आधी हेडलाइट किंवा पुढचे फॉग लॅम्प लावल्याशिवाय लागत नाही. म्हणजे ऑटोवर विसंबलेल्या माणसाचं ते साधनही हातचं जातं.

यातली वाईट गोष्ट ही की चालकाला स्वतःला काही कळत नाही. पूर्वी दिवे लावल्याशिवाय मीटरचे काटे अंधारात दिसायचे नाहीत, म्हणून हात आपोआप खटक्याकडे जायचा. आता डिजिटल मीटर कायम उजळलेला असतो. कॅनडात हा प्रकार इतका वाढला की तिथल्या सरकारनं सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियमच केला : डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागू द्या, नाहीतर अंधारात दिवे आपोआप लागू द्या, नाहीतर दिवे लागेपर्यंत डॅशबोर्ड काळा ठेवा. यातला मधला पर्याय तुमच्या बाजूचा आहे, हे मला मान्य आहे. रात्री दिवे लावायला विसरण्यावर ऑटो हा चांगलाच उपाय आहे. कशेडीच्या बोगद्यात शिरतानाही तो माणसापेक्षा चपळ असतो. माझा आक्षेप रात्रीबद्दल कधीच नव्हता. आपल्याकडे चार महिने दिवसाढवळ्या जो आंधळेपणा येतो, त्याबद्दल होता, आणि आहे.

काही गाड्यांत वायपर जोरात चालू झाले की हेडलाइटही लागतात. तुमच्या गाडीत तशी सोय असेल तर मुसळधार पावसाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. धुक्याचा नाही सुटला, कारण धुक्यात वायपर अधूनमधून एखादा हात मारतात, तेवढंच.

दुचाकींचा दाखला तर तुमच्या विरोधात जातो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना जी सक्ती झाली, त्यात सेन्सर नाहीच. इंजिन चालू आहे तोवर दिवा चालू, ऊन असो की पाऊस. कधी लावायचा हे ना चालक ठरवत, ना यंत्र. मी चारचाकीवाल्यांना पावसाळ्यात नेमकं हेच करायला सांगतोय.

किनाऱ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडते. गणपतीपुळ्याकडून आरे-वारेच्या बाजूनं रत्नागिरीकडे येताना सूर्य बुडाल्यावरही समुद्रावरचं आकाश बराच वेळ उजळ राहतं. उघड्या सड्यावर (माळावर) सेन्सरला तो उजेड पुरेसा वाटतो. मग रस्ता एकदम माडा-आंब्यांच्या गर्द सावलीत शिरतो आणि दिवे लागेपर्यंत गाडी वळणात असते. गडग्याच्या कडेनं डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई, रस्त्यात बसलेली गुरं, सायकलवरचा शाळेतला मुलगा, यांच्यासाठी ते एक-दोन सेकंद फार असतात. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर चिकट थर बसतो तो वेगळाच. त्यातून समोरचा प्रकाश फुटून पसरतो, आणि हाय बीमच्या कॅमेऱ्यालाही त्याच काचेतून बघायचं असतं.

आता हाय बीम. ही ऑटो हेडलाइटपेक्षा निराळी सोय आहे, आणि तिच्याबद्दल माझं मत जास्त कडक आहे. आरशामागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे शोधतो आणि ते दिसले की डिपर करतो, म्हणजे झोत खाली आणतो. सपाट, सरळ रस्त्यावर हे ठीक चालतं. घाटात वळणापलीकडची गाडी दिसण्याआधी तिच्या दिव्यांचा उजेड डोंगराच्या कडेवर, झाडांच्या शेंड्यांवर सरकताना दिसतो. मुरलेला चालक तो बघूनच डिपर करतो. कॅमेरा सहसा प्रत्यक्ष दिवा दिसेपर्यंत थांबतो, आणि तोवर समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. दिपलेल्या डोळ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, वय झालेल्यांना त्याहून जास्त. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, अशा जागी तेवढं अंतर कोण आंधळ्यानं काढेल?

चौपदरी महामार्गावर दुभाजकाच्या झाडीआड ट्रकचे दिवे झाकले जातात. कॅमेरा म्हणतो समोर कुणी नाही. वर केबिनमध्ये बसलेल्या ट्रकचालकाच्या मात्र थेट डोळ्यांत उजेड जातो. आणि ज्याच्याकडे गाडीचे दिवेच नाहीत त्याचं काय? पहाटे बंदराकडे चालत निघालेले खलाशी, बॅटरी घेऊन पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेनं येणारा म्हातारा, हे बहुतेक कॅमेऱ्यांच्या हिशेबातच नसतात.

शिवाय आपल्याकडे दिवे ही बोलायची रीत आहे. अरुंद रस्त्यावर, साकवाच्या (छोट्या पुलाच्या) तोंडाशी, दिव्यांची एक उघडझाप म्हणजे ‘थांब, मी येतोय’. यंत्रानं मध्येच दिवे वर-खाली केले तर समोरचा त्याचा अर्थ लावतो, आणि तो चुकला तर दोघंही एकदम साकवावर येतात.

बाहेरून बसवलेल्या पांढऱ्या एलईडी बल्बांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र शंभर टक्के पटलं. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी घातला की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी भलतीकडे उधळतो. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग ऑटो ठेवायचं तरी कधी?’ कोरड्या दिवसांत, शहरात, बोगदे असलेल्या महामार्गावर आणि रोज रात्री खुशाल ठेवा. जून ते सप्टेंबर घाटात आणि किनाऱ्यावर लो बीम (खालचा झोत) दिवसाही चालू ठेवा. ऑटोमॅटिक हाय बीम घाटात बारा महिने बंद. यंदा गणपतीला मलकापुरात चहाला थांबाल तेव्हाच दिवे लावून कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा, दोन्ही लाल दिवे आणि फॉग लॅम्प लागतायत का ते बघून घ्या. एखादा बल्ब गेला असेल तर घाटाला लागायच्या आधी बदलून घ्या.