खुलासा: 'आजोबांना बाधली नाही, तर नातवालाही दारू बाधत नाही' हा मेसेज चुकीचा आहे

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: "लिव्हर खराब होणं जीन्सवर असतं. आजोबा पिऊन नव्वदीपर्यंत जगले असतील तर बिनधास्त प्या."

अनुवंशाचा वाटा खरा आहे. भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) होतो. 'पीएनपीएलए३' जनुकातल्या एका बदलामुळे यकृतात चरबी साठते. तो आई-वडील दोघांकडून आला तर धोका आणखी वाढतो. २०१० पासूनच्या संशोधनात हे वारंवार दिसलंय.

पण हा बदल नसलेल्यांनाही सिरॉसिस होतो! आजोबांकडून नातवाला सरासरी पाव हिस्साच जनुकं मिळतात. शिवाय लिव्हर दुखून सांगत नाही. डोळे पिवळे होऊन पोटात पाणी साठेपर्यंत फार उशीर झालेला असतो. रोज घेणाऱ्यांनी रक्ततपासणी, सोनोग्राफी करून घ्या. सोडतानाही डॉक्टरांना विचारा, अचानक बंद केल्यास फिटचे झटके येऊ शकतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.