ॲडव्हेंचर बाईक १९८० साली जन्मली नाही

लडाखचा मोसम जवळ आला की बाईकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १९८० पूर्वी मोटरसायकल ही फक्त चांगल्या रस्त्यावर चालवायची वस्तू होती; लांबच्या प्रवासाला आणि कच्च्या वाटेलाही चालेल अशी ‘ॲडव्हेंचर बाईक’ नव्हतीच. मग बीएमडब्ल्यूने पॅरिसहून सहारा ओलांडून सेनेगलमधल्या डाकारला जाणाऱ्या पॅरिस-डाकार रॅलीसाठी ‘आर ८० जी/एस’ बनवली आणि ॲडव्हेंचर बाईक जन्माला आली. तिची ती चोच, म्हणजे पुढच्या चाकाच्या वर हेडलाईटखाली पुढे आलेला भाग, तीही बीएमडब्ल्यूचीच देणगी. २००४ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते टीव्ही मालिकेसाठी बीएमडब्ल्यूवर लांबच्या सफरीला निघाले आणि जगाला या प्रकाराचं वेड लागलं. भारतात हे सगळं २०१६ साली रॉयल एनफिल्डच्या हिमालयनने आणलं.

यातल्या बहुतेक विधानांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून ती सहज पटतात. पण घटनांचा क्रम उलटा झालाय आणि त्यात ज्यांनी खरोखर वाट पाडली ती माणसंच गाळली गेली आहेत. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

पहिलं विधान घेऊ. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी हा अमेरिकन तरुण ऑक्टोबर १९१२ मध्ये डब्लिनहून चार सिलिंडरच्या हेंडरसनवर निघाला. युरोप, उत्तर आफ्रिका, श्रीलंका, चीन, जपान करत तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तिथून आडवा देश पार करून ऑगस्ट १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. सुमारे २९,००० किलोमीटर. तेव्हा कित्येक प्रांतांत रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. झोल्तान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था हे दोन हंगेरियन १९२८ मध्ये साईडकार जोडलेली हार्ले-डेव्हिडसन घेऊन बाहेर पडले ते १९३६ मध्येच परतले. रॉबर्ट फुल्टन १९३२ मध्ये लंडनहून डग्लस मोटरसायकलवर निघाला आणि अफगाणिस्तानातून भारतात शिरून पुढे टोकियोपर्यंत गेला.

आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन व टेरेसा वॉलॅक. या दोघींबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. ११ डिसेंबर १९३४ रोजी त्या लंडनहून ६०० सीसीच्या पँथरवर निघाल्या. बाईकला साईडकार, आणि साईडकारच्या मागे वर ट्रेलर. असं धूड घेऊन त्यांनी सहारा ओलांडलं आणि २९ जुलै १९३५ रोजी केपटाऊन गाठलं. वॉलॅक इंजिनिअरिंग शिकलेली होती, ब्लेंकिरन ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांची फेरी मारलेली रेसर. वाळूत रुतलेली सिंगल सिलिंडर गाडी, मागे ओझं, मदतीला मैलोन्‌मैल कुणी नाही: यापेक्षा ‘ॲडव्हेंचर’ वेगळं काय असतं? १९८० पूर्वी काही नव्हतं म्हणताना या दोघी पुसल्या जातात.

यावर मजकुराची बाजू घेणारे म्हणतात, माणसं धाडसी होती हे कबूल, पण गाड्या साध्याच होत्या. मुद्दा रास्त आहे, तेव्हा गाड्यांकडेच वळू. कच्च्या वाटेवर यंत्राची परीक्षा घेणारी ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ ही स्पर्धा १९१३ मध्ये सुरू झाली. १९३३, १९३४ आणि १९३५ अशी सलग तीन वर्षं तिची ट्रॉफी जर्मन संघाने जिंकली, आणि तीही बीएमडब्ल्यूवर. म्हणजे बीएमडब्ल्यूची स्वतःची आडवाटेची परंपरासुद्धा जी/एसच्या जवळपास अर्धशतक आधीची. १९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर यांनी २५० सीसीच्या होंडा स्क्रॅम्बलरवर मेक्सिकोतलं तिहुआना ते ला पाझ हे दीड हजार किलोमीटरचं अंतर सुमारे चाळीस तासांत कापलं, तेही बहुतेक रस्ता नसलेल्या बाहा द्वीपकल्पातून. १९६८ ची यामाहा डीटी-१ ही गाडी कामावर जायला आणि रविवारी डोंगरात न्यायला एकच असावी, या विचाराने बनलेली आणि हजारो लोकांनी विकत घेतलेली. मग १९७६ ची यामाहा एक्सटी ५००: मोठा सिंगल सिलिंडर, फोर-स्ट्रोक, कुठेही उघडून दुरुस्त करता येईल अशी. या गाड्यांत आजच्या ॲडव्हेंचर बाईकचे निम्मे अवयव तयार होते.

एक्सटी ५०० वरून थेट दुसऱ्या विधानावर येता येतं, कारण ते निव्वळ तारखांवरच पडतं. पहिली पॅरिस-डाकार रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून सुटली. १९७९ ची म्हणून मोजली जाणारी ही रॅली सिरिल नेव्हूने जिंकली, १९८० चीही त्यानेच, आणि दोन्ही वेळा गाडी एक्सटी ५००. आर ८० जी/एस लोकांसमोर आली सप्टेंबर १९८० मध्ये.

ती बनली कशातून? सत्तरीच्या दशकाच्या शेवटी जपानी गाड्यांपुढे बीएमडब्ल्यूचा मोटरसायकल विभाग अडचणीत होता. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, जर्मनीच्या ऑफ-रोड अजिंक्यपद स्पर्धेत ७५० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी गट सुरू झाला. कंपनीतला टेस्ट रायडर लास्लो पेरेस याने बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाभोवती (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेलं इंजिन) एक हलकी गाडी उभी केली आणि त्या गटात उतरवली. जी/एसचं मूळ तिथे, जर्मनीच्या चिखलात आहे. वाळवंट नंतर आलं. जानेवारी १९८१ मध्ये ह्यूबर्ट ऑरिओलने बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकली, तेव्हा जी/एस विक्रीला आलेली होती. पुढे १९८४ आणि १९८५ मध्ये गास्तों राहिएने जिंकली, ३२ लिटरच्या टाकीची ‘पॅरिस-डाकार’ आवृत्ती निघाली, आणि जाहिरातीतून ‘डाकारसाठी जन्मलेली’ ही कथा पक्की झाली.

मात्र बीएमडब्ल्यूचं जे श्रेय आहे ते पूर्ण द्यायला हवं आणि ते मोठं आहे. तोवर आडवाटेची गाडी म्हणजे सिंगल सिलिंडर, हलकी, पण हायवेवर तासन्‌तास चालवताना जीव काढणारी. जी/एसने ७९८ सीसीचं दोन सिलिंडरचं, ५० हॉर्सपॉवरचं इंजिन, चेनची कटकट नसलेला शाफ्ट ड्राइव्ह आणि मागचं चाक एकाच बाजूने धरणारा मोनोलिव्हर एका गाडीत आणले. मागे जोडीदार, बाजूला सामान, हायवेवर दमदार वेग आणि पुढे डांबर संपलं तरी थांबायचं कारण नाही. हा मेळ कारखान्यातून तयार मिळणं नवं होतं. जी/एस हा संगम आहे, उगम नव्हे. नंतर १९८३ ची यामाहा टेनेरे आणि १९८८ ची होंडा आफ्रिका ट्विन मात्र खरोखर डाकारच्या पोटातून आल्या.

चोचीचं उत्तर छोटं आहे. १९८८ च्या सुझुकी डीआर ७५० ‘बिग’ला ती होती. जी/एसच्या पुढच्या पिढ्यांना, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ‘जीएस’ गाड्यांना, ती मिळाली आर ११०० जीएसपासून, म्हणजे नव्वदीच्या दशकात.

२००४ बद्दल एवढं मान्य की लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचलेल्या त्या टीव्ही मालिकेने घराघरात ही स्वप्नं नेली आणि मोठ्या जीएसचा बोलबाला झाला. पण टेड सायमन १९७३ मध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फवर निघून चार वर्षं जग फिरला होता. ॲन-फ्रान्स दोतव्हिल ही फ्रेंच बाई त्याच वर्षी १२५ सीसीच्या कावासाकीवर एकटीने जगाची फेरी करून आली. एल्सपेथ बिअर्डने १९८२ ते १९८४ मध्ये जुन्या आर ६०/६ वर तेच केलं. खुद्द त्या मालिकेतला एक प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो: मंगोलियात कॅमेरामनची बीएमडब्ल्यू निकामी झाली आणि तो रशियन बनावटीची साधी टू-स्ट्रोक ‘इझ’ मोटरसायकल घेऊन पुढे गेला. वीस लाखांची गाडी नाही म्हणून घरी बसलेल्या मुलामुलींना हा प्रसंग आणि दोतव्हिलची १२५ सीसी जरूर सांगा.

राहिला भारत. हिमालयन मार्च २०१६ मध्ये आली, ४११ सीसीची. लांबच्या प्रवासासाठी मुद्दाम बनवलेली आणि सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली गाडी म्हणून तिचं महत्त्व वादातीत आहे. पण आडवाटेसाठी घडवलेली दीडशे सीसीची हीरो इम्पल्स २०११ मध्येच आली होती. ती चालली नाही, ही गोष्ट वेगळी. हिमालयातली ‘रेड द हिमालय’ ही रॅली १९९९ मध्ये सुरू झाली. त्याच्याही मागे जायचं तर भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी पन्नाशीच्या दशकात ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि त्यातूनच १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. हिमालयन यायच्या कितीतरी आधी लोक साध्या बुलेटवर आणि येझदीवर लडाखला जात होते, कॅरिअरला पेट्रोलचे कॅन बांधून आणि डिकीत क्लच केबल, प्लग, पंक्चरचं सामान ठेवून. २०२० मध्ये बाजारात आलेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर आपल्या चाकणला बनू लागली, तीही तयार झालेल्या याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर.