न उकळता नर्मदेचं पाणी प्या म्हणे!

तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आलाच असेल. नर्मदा ही उलटी वाहणारी एकमेव नदी, तिचं पाणी कधीच खराब होत नाही म्हणून न गाळता न उकळता रोज एक पेला घ्या, पोटाचे सगळे विकार जातात, आणि तिच्यातला प्रत्येक गोटा स्वयंभू शिवलिंग. एरवी मी असलं काही वाचून सोडून देतो, पण परवा आत्या महेश्वरच्या घाटावरून पाच लिटरची कॅन भरून थेट आमच्याकडे आली, बाबांना द्यायला. बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवसही झालेले नाहीत!

तर आधी पाणी. अहो, आपण इंदूरवाले 1978 पासून नर्मदाच पितोय की. पण ती घाटावरून उचलून नळात सोडत नाहीत, मंडलेश्वरजवळ जलूदला प्लांट आहे, तिथे पाणी फिल्टर होतं, क्लोरीन पडतं आणि मग सत्तरेक किलोमीटर पंपानं विंध्य चढून आपल्याकडे येतं. कच्चंच चाललं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्यांच्या पाण्याचे वर्ग पाडलेत, त्यातला सगळ्यात वरचा 'ए' म्हणजे 100 मिलीलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू 50 किंवा त्याहून कमी, आणि त्या पाण्यालाही पिण्याआधी जंतू मारणं सांगितलंय. म्हणजे नदीचं पाणी तसंच प्या असा वर्गच नाही, कुठल्याही नदीसाठी.

वाहत्या पाण्यात घाण थोडीफार आपोआप कमी होते, हे मान्य. पण आता बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशी धरणं झाल्यावर नर्मदा वाहते किती आणि साठून राहते किती? आणि पाणी स्वच्छ दिसतं म्हणाल तर आत्याची कॅन मी खिडकीशी उजेडात धरली, वर अगदी नितळ, तळाला बोटभर गाळ. गाळ निदान दिसतो तरी, जंतू दिसत नाहीत, ते खळखळून उकळल्यावर मरतात.

एकमेव उलटी नदी वगैरे सोडा, तापी पण पश्चिमेलाच जाते, मही पण. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात म्हणून नर्मदा वेगळी वाटते, ती विंध्य-सातपुड्याच्या मधल्या खचलेल्या दरीतून जाते एवढंच. गोटे पाण्यानं घासून गुळगुळीत होतात हे खरंय, पण बाजारातली बरीचशी लिंगं नर्मदाकाठच्या बकावां गावचे कारागीर मशीनवर घडवतात, आणि त्यांची ती मेहनत 'स्वयंभू' म्हणून पुसून टाकू नका.

आत्याला हे सगळं सांगितल्यावर ती हिरमुसली. म्हणाली, मग अभिषेकाला तरी चालेल ना रे? म्हटलं चालेल की, तूच कर सोमवारी. फक्त तीर्थ म्हणून बाबांच्या हातावर घालू नकोस.