फक्त कार्बन संपलेत

वीस वर्षं जुनी ड्रिल मशीन परवा बंद पडली, बायको म्हणाली नवीन घे ना अरे, आणि मी म्हटलं हॅ, त्यात काय, फक्त कार्बन संपलेत, पाच मिनिटांचं काम! हे शुक्रवारी संध्याकाळी.

कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, खरंच झिजले होते हं, इतके की चार-पाच मिलिमीटरचे खडे उरलेले. बाजूची टोपी फिरवली तर आतली स्प्रिंग जी उडाली ती थेट कपाटाखाली. अर्धा तास पोटावर झोपून टॉर्च मारत ती शोधली, नवीन कार्बन टाकले, बटण दाबलं, मशीन ढिम्म.

मग बॉडीच खोलली. खोलायच्या आधी फोटो काढायचा हे मला माहितीये, पण मी तो काढला वायरी सुटून बाहेर लोंबायला लागल्यावर, त्यामुळे फोटोत माझा अंगठा नि गुंता एवढंच दिसतं. बरं, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, हाताने फिरवलं तर बेरिंग खरखर वाजतंय, दात खात असल्यासारखं. नंबर पाहिला तर ६०८, म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. आता हा साइज अजून कशात असतो माहितीये का? स्केट्सच्या चाकात! घरात मुलीचे स्केट्स होते, दोन्ही मिळून सोळा बेरिंगं, त्यातलं एक गेलं तर कोणाला कळतंय. (असलं करायचं नसतं, ते उघडं बेरिंग धुळीत किती टिकणार देव जाणे.)

तरीही मशीन ढिम्मच. शेवटी रविवारी रात्री मल्टिमीटर लावला, जो खरं तर शुक्रवारीच लावायला हवा होता, तर वायर मुठीत शिरते ना, तिथे वाकून वाकून आतून तुटलेली. वरून रबर एकदम ठणठणीत! तेवढा तुकडा कापून परत जोडली आणि मशीन भुर्रकन सुरू झाली, आत ठिणग्या जरा जास्तच दिसत होत्या पण नवीन कार्बन घासून आर्मेचरच्या गोलाईला बसेपर्यंत तसं होतं, हे मी बायकोला तिने न विचारता समजावून सांगितलं.

तेवढ्यात मुलगी स्केट हातात घेऊन आली. "बाबा, याचं एक चाक लटपटतंय."

मी म्हटलं, "कार्बन संपले असतील."