एकटीच?

एकटीने फिरणं म्हणजे एकांत, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इंडोनेशियाला जाऊन यावं. १७ हजारांवर बेटं आहेत त्या देशात. त्यातल्या एकाही बेटावर मला कुणी एकटं सोडलं नाही.

सुरुवात लोम्बोकजवळच्या गिली बेटांपासून केली. तिथे मोटारगाड्यांना बंदी. सायकल चालवा, नाहीतर टांग्यात बसा. त्यामुळे शांतता भरपूर, पण ती सगळी नवविवाहितांनी आधीच बुक केलेली. खोलीत पाऊल टाकलं तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून, माना वाकवून बदाम केलेला. त्यातला एक हंस उलगडून मी अंग पुसलं. दुसरा रात्रभर माझ्याकडे बघत होता. सकाळी खोली आवरायला आलेल्या पोराने आधी त्या विधुर हंसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लगबगीने नवा जोडीदार वळून ठेवला. समुद्रात रोवलेल्या झोपाळ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढायला ही रांग! रांगेतल्या समस्त जोडप्यांचे फोटो मी काढून दिले. एकटी बाई म्हणजे सरकारमान्य स्टँड.

मग ठरवलं, आता थेट जंगल. बोर्नियोच्या दक्षिणेला तांजुंग पुटिंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. कुमाई बंदरातून क्लोटोक ही लाकडी होडी घ्यायची, सेकोनियर नदीत शिरायचं, आणि राहणं-खाणं-झोपणं सगळं होडीवरच. मी, नदी आणि अरण्य, असं चित्र मनात रंगवून धक्क्यावर गेले, तर होडीवर कप्तान, त्याचा मदतनीस, स्वयंपाक करणाऱ्या बाई आणि गाईड असे चौघं हजर.

"बाकीचे कुठायत?" कप्तानाने विचारलं.

"मीच."

"एकटीच?"

चौघांच्याही चेहऱ्यावर एकदम 'अरेरे' उमटलं. त्या क्षणापासून त्यांनी मला दत्तक घेतलं.

स्वयंपाकाच्या बाईंना सगळे 'इबू' म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणू लागले आणि तिथेच फसले, कारण त्यांनी ते मनावर घेतलं. तळलेला मासा, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, भाजी, सांबल म्हणजे मिरचीचा झणझणीत ठेचा आणि भाताचा डोंगर, हे एकीचं जेवण. मी जेवल्याखेरीज खाली कुणी पानावर बसत नसे. शांतपणे चवीने खावं म्हटलं तर खालच्या चार रिकाम्या पोटांचा विचार, भराभर उरकावं तर इबू वर येऊन काळजीने विचारणार, "आवडलं नाही?" चारच्या सुमाराला केळ्याची भजी यायची. नको म्हणायची सोय नव्हती. पोहून जिरवावं तर नदीत मगरी.

नदी मात्र देखणी. मुखाशी दोन्ही काठांना निपा पाम, पाणी गढूळ; आत उपनदीला वळलं की तेच पाणी कोऱ्या चहासारखं काळंभोर आणि नितळ होतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या जमिनीतून ते झिरपत येतं, म्हणून हा रंग. संध्याकाळी काठच्या झाडांवर लांब नाकाची माकडं मुक्कामाला येतात. एक नर आणि भोवती त्याच्या बायका, पोरंबाळं. माझ्याकडे नाक खाली करून बघत होता मेला.

कॅम्प लीकीला पोचलो. १९७१ साली बिरुटे गाल्डिकास यांनी ओरांगउटानांचा अभ्यास इथेच सुरू केला. गाईड सांगू लागला, की वाढलेला नर एकटाच राहतो. एकटा हिंडतो, एकटा खातो, रोज संध्याकाळी फांद्या मोडून स्वतःपुरतं घरटं बांधतो आणि झोपतो. मी मनात म्हटलं, भेटला बाई कुणीतरी आपल्यातला!

आणि तो आला. गालांना दोन्हीकडे पाटाएवढे पंखे, अंगावर तांबूस केसांची घोंगडी. ओरांगउटानांसाठी केळी ठेवलेल्या मचाणावरच्या माद्या पिल्लांना पोटाशी घेऊन भराभर वर सटकल्या. हा ऐसपैस बसला. एकेक केळं सोलून, कुणाकडे ढुंकूनही न बघता खात राहिला. खालून त्याला कुणी आग्रह करत नव्हतं, कुणी फोटो काढून मागत नव्हतं. मी टक लावून बघत बसले.

थोड्या वेळाने गाईडला हळूच विचारलं, "ह्याची बायको कुठली?"

"बायको नसते हो. पिल्लंही आईच सांभाळते. हा एकटाच."

"अरेरे," मी म्हणाले.