दोन हजारांचं यंत्र, तेच काम? श्रवणयंत्राच्या फॉरवर्डमधलं खरं-खोटं

घरात कमी ऐकू येणारं वडीलधारं माणूस असेल तर हा मजकूर कधीतरी तुमच्या ग्रुपवर आलाच असेल. शब्द बदलतात, आशय तोच: श्रवणयंत्र म्हणजे पाचशे रुपयांची चिप, बाकी सगळी लूट. ऑनलाइन दोन हजारांत मिळणारं यंत्र तेच काम करतं, अमेरिकेतही आता चिठ्ठीशिवाय मिळतं. कानाची तपासणी हा विक्रीचा बहाणा आहे, ती मोबाइलवरही होते. घ्यायचंच तर एका कानाला घ्या, जास्तीत जास्त चॅनेलचं घ्या, चार्जिंगचं घ्या. नाहीतर सरकार फुकट देतंच.

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर ते पटतं. पण पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत, याची यात नेमकी उलटापालट झाली आहे.

"पाचशेची चिप, लाखाची किंमत"

सुटे भाग किमतीच्या मानाने स्वस्त असतात, हे मान्य. त्याहून टोचणारी गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. मोठ्या कंपन्यांच्या एकाच पिढीतल्या चार-पाच 'लेव्हल' बहुतेकदा एकाच चिपवर चालतात. खालच्या लेव्हलमध्ये काही सोयी सॉफ्टवेअरने बंद ठेवलेल्या असतात, आणि वरच्या लेव्हलची किंमत तिप्पट-चौपट होऊ शकते. हा फरक रोजच्या ऐकण्यात कितपत जाणवतो? अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स यांच्या गटाने सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या ज्येष्ठांना साधी आणि महागडी अशी दोन्ही यंत्रं आलटून पालटून वापरायला दिली होती. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बोलणं समजण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे सर्वांत वरची लेव्हल बिनधास्त नाकारता येते.

नाकारता येत नाही ते फिटिंग, म्हणजे यंत्र तुमच्या दोषानुसार जुळवून देणं. यंत्राच्या किमतीत तपासणी, पहिलं फिटिंग, नंतरच्या तीन-चार भेटी आणि वॉरंटी मिसळलेली असते. दोन दुकानांचे भाव लावून बघायचे तर कोटेशन लेखी घ्या. त्यात मॉडेलचं लेव्हलसकट पूर्ण नाव, किंमत एका कानाची की जोडीची (सर्वाधिक घोटाळा इथेच होतो), रिसीव्हर (कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर) किती पॉवरचा, इअरमोल्ड (कानाच्या मापाचा साचा) धरलंय की वेगळं, वॉरंटी किती वर्षं, फेरफिटिंग किती वेळा आणि घरी वापरून बघायला किती दिवस, हे सगळं यायला हवं. 'एमआरपीवर 50 टक्के सूट' या वाक्याला काही अर्थ नाही. हातात पडणारा आकडाच तोला. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात यंत्राच्या किमतीवर तो लावलेला दिसला तर विचारा.

"ऑनलाइनचं दोन हजारांचं यंत्र तेच काम करतं"

हा सगळ्यात महाग पडणारा सल्ला. त्या किमतीत मिळतो तो बहुतेक वेळा अॅम्प्लिफायर, म्हणजे कानात बसणारा लाउडस्पीकर.

वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळे सूर सारखे जात नाहीत. कोणत्या सुराला किती दोष आहे हे दाखवणारा तपासणीचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, आणि डेसिबलचा आकडा मोठा तितका दोष जास्त. नेहमीचा ऑडिओग्राम असा दिसतो: 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 4000 हर्ट्झला 65. अ, आ, इ अशा स्वरांची ताकद खालच्या पट्ट्यात असते, ती शाबूत राहते. स, श, ट, क, फ यांची धार वरच्या पट्ट्यात असते, ती जाते. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण कळत नाही." साठ, काठ आणि पाठ त्यांना सारखेच ऐकू येतात. ढोबळ नियम असा की दोषाच्या निम्मी वाढ द्यावी. इथे 4000 ला सुमारे 30 डेसिबल, तर 500 ला फार तर 12. अॅम्प्लिफायर दोन्हीकडे जवळजवळ सारखीच वाढ देतो. मग पंखा, मिक्सर आणि भांड्यांची आदळआपट यांचा गोंगाट होतो आणि 'साठ'मधला 'स' त्यात बुडतो.

दुसरी अडचण कमी जाणवणारी, पण जास्त गंभीर आहे. आतल्या कानाच्या पेशी खराब झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. दोन्हींमधली जागा आकसते. म्हणून खरं यंत्र हळू आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढ देतं, आणि एका मर्यादेपुढे आवाज जाऊच देत नाही. ही मर्यादा ऑडिओग्राम बघून ठरवतात. अॅम्प्लिफायरवर फक्त आवाजाचं चाक असतं. महिनाभरात तो कपाटात जातो, आणि 'यंत्र वापरून बघितलं, काही उपयोग नाही' हे मत घरात कायमचं बसतं. त्यानंतर चांगल्या यंत्रासाठी त्या माणसाला राजी करणं फार अवघड.

ओळखायचं कसं? विक्रेत्याला एकच विचारा: यात माझा ऑडिओग्राम घालून प्रोग्रॅम करता येतो का, आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर? उत्तर 'सोबत चार मापांची रबरी टोकं आहेत' असं आलं तर तो अॅम्प्लिफायर.

"अमेरिकेतही चिठ्ठीशिवाय मिळतं"

मिळतं, 17 ऑक्टोबर 2022 पासून. पण ती परवानगी 18 वर्षांवरच्यांना आणि सौम्य ते मध्यम दोषापुरती आहे. शिवाय कमाल आवाजावर 111 डेसिबलची मर्यादा आहे, विशिष्ट प्रकारचं कॉम्प्रेशन (मोठा आवाज आपोआप दाबण्याची सोय) असेल तर 117. त्यात बसणारं यंत्र आणि दोन हजारांचा डबा यांचा संबंध नाही. तिकडच्या मुलांनी आणलेल्या यंत्राबाबत आधी एवढं तपासा की त्या मॉडेलची दुरुस्ती, वॅक्स गार्ड (मळ अडवणारी जाळी) आणि प्रोग्रॅमिंग इथे कुणी करतं का. साखळी दुकानांची काही यंत्रं त्यांच्याच सॉफ्टवेअरला बांधलेली असतात. ती दुसरा ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) उघडूही शकत नाही.

"तपासणी मोबाइलवर होते"

मोबाइलवर 'तपासायला जायला हवं' एवढं कळतं. हेडफोनचं मोजमाप प्रमाणित केलेलं नसतं, आणि मुख्य म्हणजे हाडावाटे ऐकण्याची (कानामागच्या हाडाला कंप देऊन करायची) चाचणी होत नाही. दोष मळ किंवा पडद्याचं भोक अशा अडथळ्याचा की नसेचा, हे त्या चाचणीशिवाय सांगता येत नाही. यंत्राऐवजी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने काम होणारे रुग्ण इथेच हुकतात.

दुकानातल्या 'मोफत तपासणी'चीही गंमत आहे. खोली आवाजबंद नसेल तर रस्त्याचा आणि एसीचा आवाज 250-500 हर्ट्झचे हळू सूर झाकतो, आणि तिथला दोष आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्या आकड्यांवर फिट केलेलं यंत्र घुमतं आणि माणसाला स्वतःचाच आवाज माठात बोलल्यासारखा येतो. दोष यंत्राला दिला जातो. चूक तपासणीची असते.

आवाजबंद खोलीत हवेवाटे आणि हाडावाटे चाचणी आणि शब्द ओळखण्याची चाचणी, एवढं किमान हवं. चाचणी करणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. फिटिंगच्या वेळी कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजतात त्याला रिअल इअर मेझरमेंट म्हणतात. ही सोय असलेलं केंद्र पाच-दहा हजारांनी महाग असलं तरी तिथेच जा. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं पहिलं फिटिंग वरच्या पट्ट्यात अनेकदा कमी पडतं, आणि ते मोजल्याशिवाय दिसत नाही.

ऐकू येणं अचानक एक-दोन दिवसांत गेलं, एकाच कानाचं गेलं, कान वाहतो किंवा चक्कर येते, असं काही असेल तर यंत्राच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अचानक आलेल्या बहिरेपणात तर एकेक दिवस महत्त्वाचा.

"एकाच कानाला घ्या, जास्त चॅनेलचं घ्या"

दोन्ही कानांत सारखा दोष असेल तर साठ हजारांत तीस-तीसची जोडी घ्या. साठचं एकच घेऊ नका. आवाज कुठून आला हे दोन कानांनीच कळतं, आणि गोंगाटात दुसऱ्या कानाची मदत होते. एका कानाचं शब्द ओळखणं फारच खालावलं असेल तर गोष्ट वेगळी.

चॅनेल म्हणजे यंत्र आवाजाचे जितके पट्टे वेगवेगळे हाताळतं ते. ते कंपन्या वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात. एकाचे 16 आणि दुसऱ्याचे 48 यांची तुलना होत नाही. साध्या उतरत्या ऑडिओग्रामला 8-12 पुष्कळ झाले. गोंगाटात खरा उपयोग दिशादर्शक माइकचा, म्हणजे समोरचा आवाज जास्त उचलणाऱ्या माइकचा. 'नॉइज रिडक्शन'ने त्रास कमी होतो, शब्द ओळखणं फारसं वाढत नाही. आणि मंगल कार्यालयात पंक्तीला बसल्यावर दीड लाखाचं यंत्रही शेजारच्या माणसाच्या गळ्यात अडकवलेल्या, यंत्राला बिनतारी जोडलेल्या छोट्या रिमोट माइकपुढे फिकं पडतं.

"चार्जिंगचं घ्या, खर्च शून्य"

हिशेब करू. 312 नंबरचा, तपकिरी पट्टीचा सेल साधारण आठवडाभर चालतो. दोन कानांना वर्षाला 104 सेल, म्हणजे सहाच्या सुमारे 18 पट्ट्या. पट्टी 250 रुपये धरली तर वर्षाला साडेचार हजार आणि पाच वर्षांत साडेबावीस हजार. म्हणजे फॉरवर्ड इथे बऱ्यापैकी बरोबर आहे, आणि हाताला कंप असलेल्यांना तर चार्जिंगच सोयीचं. पण आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. ती बदलण्याचा खर्च आजच लिहून घ्या. सेलवालं घेतलं तर सेलवरची चिकटपट्टी काढून तो मिनिटभर हवेत ठेवा, मगच बसवा. चिकटपट्टी परत लावून सेलचं आयुष्य वाढत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. रिसीव्हर सर्वांत जास्त जातात ते घामाने, मळाने आणि दमटपणाने.

"सरकार फुकट देतंच"

देतं, पण सरसकट नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची मर्यादा लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारा' ही व्याख्याच दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून सुरू होते. 45-50 डेसिबलवाले, म्हणजे यंत्राची गरज असलेले असंख्य ज्येष्ठ त्यात बसत नाहीत. राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांसाठी आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदाच 3000 रुपये येतात. त्या तीन हजारांचा अॅम्प्लिफायर आणू नका. तपासणी आणि नीट बसणारं इअरमोल्ड एवढं त्यात भागू शकतं. शिबिरात मिळालेलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून पडून असेल तर अनेकदा खराब असतं ते सैल मोल्ड, यंत्र नाही. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग ही 1983 साली स्थापन झालेली, वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तपासणी, मोल्ड आणि योजनेचा अर्ज तिथे एका छताखाली होतो. जुना ऑडिओग्राम असेल तर सोबत न्या.