आत्याचे सहा तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. आकडा पाठ झालाय, कारण आत्या आणि काकांचं लेकीकडे न्यू जर्सीला जायचं ठरल्यापासून घरातली चौकशीची खिडकी म्हणजे मी. पगार नाही, जेवणाची सुट्टी नाही.

आत्याने तिकिटावर बोट ठेवलं. निघणार रात्री दीडला, पोचणार सकाळी साडेसातला, तारीख तीच. "सहाच तास की रे! उगाच बाऊ करतात लोक." सहा तासांत कोकणकन्या रत्नागिरीला जेमतेम टेकते, हे मी नजरेस आणून दिलं. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास, म्हणून प्रवास साडेसोळा तासांचा. मग परतीचं तिकीट निघालं. तिकडून दुपारी बाराला सुटून इथे दुसऱ्या दिवशी साडेबाराला.

"जाताना सहा आणि येताना साडेचोवीस? चढ असणार."

उलट येतानाच विमान लवकर येतं. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जबर वारं वाहतं; जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. चौदा तासांत काम होतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेजारी जाऊन "सहा तास" असंच सांगितलं.

काकांचा आक्षेप मार्गावर. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी लावून रेघ ओढली: अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मग अटलांटिक. आणि नातवाने मोबाइलवर पाठवलेल्या चित्रात विमान चाललेलं नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं टोक असं. "हा पायलट आधी रिक्षा चालवत असणार," काका म्हणाले. "नवखं गिऱ्हाईक बघून फिरवतोय."

घरात पृथ्वीगोल नव्हता, मोसंबं होतं. त्यावर पेनाने दोन ठिपके काढले आणि शिवणाचा दोरा ताणून धरला. दोरा आपोआप वर, देठाकडे सरकला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतः दोनदा ताणून पाहिला. पटलं. मग त्यांनी मोसंबं सोललं, मुंबईकडची बाजू मला दिली आणि न्यूयॉर्क स्वतः खाल्लं. २०२५च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं आणि त्यापायी वेगळा वळसा पडू लागला, हे मी मुद्दामच काढलं नाही. मोसंबी महाग आहेत.

खरा खल झाला तो पुण्याहून निघायच्या वेळेवर. विमानतळावर तीन तास आधी हजेरी, त्यात खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर? मी म्हटलं, संध्याकाळी पाचला निघू. काकांनी ते तीनवर आणलं, आत्याने दोनवर. म्हणजे पुणे-मुंबईच्या दीडशे किलोमीटरसाठी, विमानतळावरचं बसणं धरून, साडेअकरा तास आणि उरलेल्या १२,५०० किलोमीटरला आत्याच्या हिशेबाने सहा. घाट त्या दिवशी साफ मोकळा होता. संध्याकाळी साडेपाचला आम्ही विमानतळाबाहेर डब्यातल्या पोळ्या खात उभे.

मनगटावरचं घड्याळ अमेरिकेत बदलायचं नाही, हे आत्याने आधीच जाहीर केलं होतं. गोळ्यांच्या वेळा चुकतात म्हणे. पोचल्यावर तिसऱ्याच रात्री तिचा फोन. मी दचकून उठलो.

"काय रे, आवाज असा का? बरं नाही का?"

"आत्या, अडीच वाजलेत!"

"माहितीये, घड्याळ बघूनच केलाय. पण भर दुपारी इतकं झोपू नये."